मास्तरांच्या गणितातली कोठी

शिकलेल्या माणसाला भिकन पत्रेवाला कवडीची किंमत देत नसे. चौथीत गणितात गचका खाल्ला आणि गडी भद्रकालीतल्या बापाच्या दुकानात बसला. तेव्हापासून जस्ताच्या पत्र्याच्या धान्यकोठ्या वळत आला. भिकनच्या कोठीतून दाणा गळत नाही आणि भिकन कुणाचा पत्रा ढापत नाही, एवढंच काय ते त्याचं गल्लीत नाव. त्यालाच तो जिवापाड जपे.

ब्याऐंशी साली दिवाकर मास्तर कोठी करून घ्यायला आले. हायस्कुलात गणित शिकवायचे. पत्रेवाले तेवढे चोर, हा त्यांचा ठाम समज. म्हणून त्यांनी कोठीचं पृष्ठफळ स्वतःच काढलं, गोल भिंत, तळ आणि झाकण मिळून. बरोबर तेवढाच पत्रा मोजून आणला.

भिकनने पत्रा पाहिला आणि त्याला हसूच आलं.

“मास्तर, दुमडीला पत्रा कुठाय? दोन कडा एकमेकीत अडकवल्याशिवाय कोठी उभी राहत नाय. आणि चौकोनातून गोल कापला की कोपरे वाया जातात.”

“तू मला गणित शिकवणार?” मास्तर म्हणाले.

असल्या शहाण्यापुढे कोण डोकं फोडणार? भिकनने होईल तेवढी कोठी केली. ती वीतभर बुटकी झाली. मास्तरांनी टेप लावला आणि भर रस्त्यात ओरडले, “चोर! पत्रा खाल्लास!”

गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. भिकनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने छिन्नी घेतली, कोठीची एकेक दुमड उकलली, हातोड्याने पत्रा सपाट केला. गोल तळ आणि झाकण ठेवून त्यांच्याभोवती कापलेले कोपरे जुळवले.

“मोजा आता.”

मास्तरांनी दोनदा मोजलं. इंचभरही कमी नव्हतं.

“आता चोर म्हणालात, ते मागं घ्या.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “माझं उत्तर बरोबरच होतं,” ते म्हणाले.

“मग भरा त्यात गहू!” भिकन म्हणाला.

पत्रे काखोटीला मारून मास्तर निघाले. धारेने बोट कापलं, पण माफीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही. लोक भिकनच्या पाठीवर थाप मारून हसले. त्याला मात्र हसू येईना. चांगली उभी कोठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने मोडली होती, आणि तीही असल्या माणसासाठी.