पऱ्हाट्यांच्या तीन मोळ्या

अन्याय झाला तो एका कापूस वेचणाऱ्या विधवेवर, चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी आठ वाजता. करणारा मी. कितीतरी गुन्ह्यांचे कागद विसरलो, ही घटना डोक्यातून जात नाही. गिरणा नदीकाठचं ते गाव आणि माणसांची नावं लिहीत नाही.

त्या हिवाळ्यात रॉकेल महागलं होतं आणि महाग देऊनही मिळत नव्हतं. रेशन दुकानासमोर डब्यांची रांग, आत दुकानदार मान हलवणारा. चुली पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांवर आल्या. वेचणी संपली की बांधालगतच्या दोन ओळी वेचणाऱ्या बायकांनी उपटून न्यायच्या, हा तिकडचा जुना रिवाज. कुठं लिहिलेला नाही. त्या वर्षी मात्र शहरातला जळणाचा वखारवाला पऱ्हाट्या विकत न्यायला बैलगाड्या पाठवू लागला.

कापसाच्या एका बागाईतदाराने फिर्याद दिली: शेतात रचलेल्या गंजीतून पऱ्हाट्या चोरीस गेल्या. त्याला सगळे नाना म्हणत. लगेच खबर आली की अमुक बाईच्या अंगणात तीन मोळ्या आहेत. मी नवा फौजदार, हात शिवशिवत होते. पंचनामा केला, मोळ्या मुद्देमाल म्हणून जप्त केल्या, बाईला ठाण्यात आणून बसवलं.

"गंजीतून कधी काढल्या?"

"चोरी नही साहेब. मन्हा हातघाई उपटेल शे. दरसाल बठ्ठ्या बाया लई जातस."

"दरसाल सगळ्या नेतात, ते मला सांगू नका. रॉकेल जाळा."

"घासलेटना भाव तुम्हले माहीत शे ना? मन्ही पोर बायतीन शे. तिले शेक कशाघाई देऊ?"

घरात आठ दिवसांची बाळंतीण, खाटेखाली शेगडी हवी, आणि तिचं जळण माझ्या ठाण्याच्या पडवीत. हे मी ऐकलं आणि जबाबात लिहिलं नाही. गुन्ह्याशी संबंध नाही म्हणे. असा मी.

दुपारी आमचे जमादार मोळीजवळ उकिडवे बसले. जन्म शेतकऱ्याच्या घरातला. म्हणाले, "साहेब, मुळं बघा. माती आहे अजून."

आम्ही नानांच्या शेतात गेलो. गंजीतली पऱ्हाटी न् पऱ्हाटी कोयत्याने छाटलेली, बुडाशी तिरपी, साफ. घाईत माल काढायचा म्हणून मजूर लावून कापलेली. उपटलेल्या फक्त बांधालगतच्या दोन ओळी.

"नाना, या गंजीत एक मूळ दाखवा," जमादार म्हणाले.

नाना हसले. "मूळ ऱ्हावो का नको, झाड तं मन्हंच शे ना?"

"आणि मागच्या वर्षी बांधालगतच्या ओळी कुणी नेल्या?" मी विचारलं.

"मागला साल कोण इचारे पऱ्हाटीले?"

गंजीतली चोरी झालीच नव्हती. वखारवाल्याच्या गाड्या भरायच्या म्हणून बायकांना धाक हवा होता, आणि त्यासाठी मी फुकट मिळालो होतो. संध्याकाळी बाईला सोडलं. मोळ्या देता येईनात. मुद्देमाल कोर्टाच्या हुकुमाशिवाय हलत नाही. मी नियमाला धरून राहिलो. एक मोळी माझ्या जबाबदारीवर तिच्या दारात टाकली असती, तर काय फाशी झाली असती?

हुकूम यायला दीड महिना लागला. पडवीत पाहतो तर दोऱ्या आणि भुगा.

"मोळ्या कुठं आहेत?"

जमादारांनी खाली पाहिलं. "ठाण्यातही रॉकेल नव्हतं, साहेब. चहा झाला त्यावर. तुम्हीही घेतलात."

बाई मोळ्यांच्या पावतीवर अंगठा द्यायला आली. जमादारांनी स्वतःच्या घरून एक मोळी आणून ठेवली होती. तिने हात लावला नाही. "ऱ्हाऊ द्या. सव्वा महिना सरना. आते काय करू लई जाईसन?"

पोर कशी आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आजही माहीत नाही.

पुढे चोर, दरोडेखोर, खुनी पुष्कळ पाहिले, थकलो. पण या प्रकरणाने शिकवलं ते कुठल्या पोलीस प्रशिक्षणात नव्हतं. जळण महागलं की फुकटाच्या काटकीलाही मालक उगवतो, आणि पहिली फिर्याद होते ती जिच्याकडे काहीच नाही तिच्यावर. दुकानातलं रॉकेल कुठं जातं, हे त्या हिवाळ्यात मला कुणी तपासायला सांगितलं नाही. मीही तपासलं नाही.

तुम्ही शेतवाले असाल तर यंदा पऱ्हाटीचा सौदा करण्याआधी वेचणाऱ्या बायकांना बोलवा, त्यांच्या ओळी त्यांना उपटून नेऊ द्या, आणि मगच गाडी शेतात घ्या. शेत नसेल तर रेशन दुकानात जा, आलेला साठा कुठं गेला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.