गळ्यापर्यंत भरलेली टाकी

कर्जतजवळच्या कोंडाण्याची जया ठोंबरे दुकानात शिरली की दुकानदार आधी वजनकाट्याच्या पाटीवर फडकं मारायचा. काट्यावर शून्य दिसल्याशिवाय ती साखरेच्या पिशवीला हात लावू द्यायची नाही. दुधाचं माप ती स्वतःच्या डोळ्यांच्या पातळीवर धरायची. ब्लाऊजपीस घेतला तरी घरी येऊन पुन्हा मोजायची.

ती मुळात अशी नव्हती. नवरा हिरामण होता तेव्हा त्याने ओढ्याकाठचं शेत एका फार्महाऊसवाल्याला विकलं. ठरल्यापेक्षा बरीच जास्त जमीन कुंपणाच्या आत गेली, हे कुंपण उभं राहिल्यावर कळलं. हिरामण सहा महिने तालुक्याला खेटे घालत राहिला आणि त्यातच एक दिवस छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून जयाने एक गोष्ट मनाशी पक्की धरली. ज्याच्या हातात माप, त्याच्या मनात खोट.

शेतीत मन लागेना. मग तिने एक जुनी छोटी गाडी घेतली, पेट्रोलवर चालणारी. कर्जतला जाऊन चालवायला शिकली, परवाना काढला, गाडीला पिवळी पाटी लावली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेणं-आणणं हे तिचं काम. बाई चालवते म्हणून घरच्या बायका निर्धास्त बसत. कर्जत बाजारातल्या बद्रुद्दीनचाचांची बायको रजिया हिला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा पनवेलला न्यावं लागे. ते काम जयाकडेच होतं आणि त्या दोघांचा तिच्यावर फार जीव होता.

गाडी आली तशी जयाच्या संशयाला नवी जागा मिळाली, पेट्रोलपंप.

पंपावरची नळी टक् करून आपोआप थांबली की बाकीची गिऱ्हाइकं झाकण लावून निघून जात. जयाला ती टकच मुळी लबाडी वाटे. टाकीत जागा असताना हे थांबवतात कशाला? ती खाली उतरे, दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवी आणि म्हणे, "अजून घाल. बसलं आता खाली. अजून घाल." पेट्रोल तोंडाशी चमकताना दिसेपर्यंत ती काही माणसाला नळी काढू द्यायची नाही.

चैत्र संपता संपता, कर्जत-चौक रस्त्यावरच्या पंपावर ती टाकी भरत होती. गाडीच्या पुस्तकात टाकी पस्तीस लिटरची लिहिलेली. हे तिला स्वतःच्या जन्मसालासारखं पाठ होतं. मशीनचा आकडा मात्र पस्तिसावर थांबला नाही. छत्तीस झाले, सदतीस झाले, त्याच्याही पुढे गेला. आणि पंपावर आली तेव्हा गाडीतला पेट्रोलचा काटा तर अजून तळाला टेकलाही नव्हता!

"थांब रं!" जया ओरडली. "पस्तीसच्या टाकीत सदतीस कसं मावलं? बादली हाय का ती, काठावरनं सांडायला?"

नळी धरणारा विलास गांगरला. "मावशी, तुमीच म्हणालात अजून घाल."

"मी पेट्रोल घाल म्हटलं. हवा घाल नाय म्हटलं."

मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. केबिनमधून हर्षला बाहेर आली. पंपाचा कारभार तीच बघायची. तिने शांतपणे पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप काढलं आणि जयासमोर मशीनमधून त्यात पाच लिटर सोडलं. पेट्रोल मापाच्या गळ्यावरच्या रेघेला येऊन टेकलं. ना खाली, ना वर.

"बघा काकू. बरोबर आहे ना?"

जयाने वाकून रेघ पाहिली. मग मापाचा शिक्का पाहिला. मग हर्षलाचा चेहरा पाहिला. "माप तुमचं, मशीन तुमचं. दोन्ही एकमेकांच्या ओळखीचं दिसतंय," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

तिने पंप बदलला. खोपोलीच्या वाटेवरच्या दुसऱ्या पंपावर गेली. तिथेही तेच झालं. आता दोन्ही पंप मिळालेले आहेत असं म्हणणं तिलाही जरा जड गेलं. त्यात आणखी एक भर पडली. टाकी भरलेल्या दिवशी गाडी अंगणात उभी केली की दुपारी पेट्रोलचा वास सुटे. मागच्या चाकाजवळची माती ओलसर दिसे. आणि पूर्वी जेवढ्या पेट्रोलात पनवेलच्या खेपा व्हायच्या तेवढ्यात आता होईनात.

जया पायरीवर बसून विचार करत राहिली. पेट्रोल कमी होतंय. गाडीखाली सांडतंय. म्हणजे कोणीतरी नळी घालून काढतंय, आणि काढताना चार थेंब खाली पडतायत.

तिची नजर आपोआप शेजारच्या घराकडे गेली.

तिथे तिचा धाकटा दीर गोमा राहायचा. बायको ठकी आणि तो. गोमा फार्महाऊसांच्या बागा सांभाळी. गवत कापायचं मशीन डिझेलच्या तीनचाकी टेंपोत टाकून गावोगाव फिरे. ते मशीन पेट्रोलवर चालायचं. त्यासाठी त्याच्या पडवीत भिंतीला टेकून एक पिवळा कॅन कायम ठेवलेला असे. इतकी वर्षं जयाने तो कॅन पाहिला होता. आता तो तिला दिसायला लागला.

मग तिचं घरातलं वागणंच बदललं. ठकी भाजीची वाटी घेऊन आली तर जया तिच्या हातांचा वास घेई. गोमाने टेंपो सुरू केला की ही खिडकीशी. कॅन कालपेक्षा जड दिसतो का, पडवीतून हलला का, झाकण उघडं का, सगळ्यावर डोळा. एके दिवशी तिने कपाळावरची टिकली काढली आणि टाकीच्या बाहेरच्या झाकणाच्या फटीवर अशी चिकटवली की झाकण उघडलं तर ती सुटलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वास होता, ओल होती. टिकली जागच्या जागी.

दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. जया ती टिकली निरखत बसली. माझीच का ही? मी जरा तिरकी लावली होती. ठकीकडे पण असलंच पाकीट आहे, बाजारातून दोघींनी एकदमच आणलेलं. काढायची आणि दुसरी लावायची, त्याला काय लागतं?

संध्याकाळी गोमा टेंपोतून मशीन उतरवत होता. वाडीतली चार माणसं पारावर बसलेली. जया तरातरा गेली आणि तिने सगळ्यांदेखत पिवळ्या कॅनचं झाकण काढून नाकाला लावलं.

"काय बघताय, वैनी?" गोमाने विचारलं.

"माझं पेट्रोल बघतेय, भावजी."

ठकी दारातूनच रडवेली झाली. "अवं बाय, काय बोलताय? तुमच्या गाडीला हात तरी लावतो का आमी?"

गोमाने आवाज चढवला नाही. त्याने कॅन जयाच्या हातातून घेतला, झाकण घट्ट बसवलं आणि म्हणाला, "पंपावरनं आनतो मी. पायजे तर विचारा जाऊन." आणि आत निघून गेला. त्या दिवसापासून भाजीची वाटी यायची थांबली. दोन्ही घरांमधलं अंगण एवढंसं होतं, पण आता ते ओलांडायला कोणी धजेना.

वैशाखातल्या एका दुपारी जया बद्रुद्दीनचाचा आणि रजियाचाचीला घेऊन पनवेलला निघाली. वाटेत तिने टाकी भरली, नेहमीसारखीच, गाडी हलवून हलवून, गळ्यापर्यंत. पंपावरून निघताना गाडी चालूच होईना. किल्ली फिरवून फिरवून एकदाची झाली, पण खोकतच चालली. आत पेट्रोलचा वास कोंडला. रजियाचाची पदर नाकाला लावून बसली होती. चौक गावाच्या अलीकडे तिने हात वर केला. "बाय, थांबव गं. मला मळमळतंय."

जयाने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. चाची उतरून ओकली. तिला पाणी दिलं, तोंड धुतलं. पुन्हा बसवलं आणि किल्ली फिरवली, तर गाडी नुसती घुरघुरली. वर ऊन, रस्त्यावर सावली नाही, आणि डायलिसिसची वेळ टळत चाललेली. जया घामाने भिजली. ओळखीच्या दोन गाडीवाल्यांना तिने फोन लावले. एक पुण्याला होता, दुसऱ्याने उचलला नाही.

बद्रुद्दीनचाचांना घरातलं भांडण ठाऊक नव्हतं. त्यांनी आपल्या फोनवरून सरळ गोमाला गाठलं. तो त्यांना दरवर्षी तांदूळ पोचवायचा. "गोमा बेटा, हम लोग चौकजवळ अडकलोय. चाचीची तब्येत बरी नाय. तू किधर हाय?"

गोमा जवळच्याच एका फार्महाऊसवर होता. जयाला वाटलं, येणार नाही. आला तर सगळं ऐकवूनच नेईल. थोड्या वेळाने टेंपो येऊन थांबला. गोमाने तिच्याकडे पाहिलं नाही. चाचीला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, मागे मशीनशेजारी गोणपाट टाकून चाचांना जागा केली आणि निघाला. जाता जाता एवढंच म्हणाला, "चौक गावात नदीमचं गॅरेज हाय. त्याला पाठवतो."

नदीम आला. त्याने बॉनेट उघडलं, वास घेतला, गाडीखाली वाकून पाहिलं.

"ताई, पेट्रोल कसं भरता?"

जयाने जरा ताठ्यातच सांगितलं. टक् झाल्यावर हलवायचं, पुन्हा घालायचं, दिसेपर्यंत.

"मग हेच झालंय," नदीम म्हणाला. "टाकीत वर थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. उन्हात पेट्रोल फुगतं, वाफ होते, तिला जायला. पुस्तकात पस्तीस लिहितात ते ती जागा सोडून. तुम्ही ती जागा भरली, वर नळी पण भरली. म्हणून सदतीस मावतं. वाफ जायच्या वाटेवर कोळशाची एक डबी असते, तिच्यात आता पेट्रोल शिरलंय. इंजिन गुदमरतंय. उरलेलं खाली टिपकतं."

"म्हणजे पंपवाले खरे?"

"पंपाचं मला काय माहीत? तुम्ही पहिल्या टकला थांबून बघा."

त्याने खटपट करून गाडी चालू केली. घरी येताना जया वाटभर नदीमचं बोलणं उलटसुलट करत होती. गॅरेज पंपाच्याच रस्त्याला. ओळख असणार. पण तो जास्त पेट्रोल घ्या म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. हा तर कमी घ्या म्हणाला. यात त्याचा काय फायदा? फायदा सापडेना, म्हणून ती जास्तच बेचैन झाली.

शेवटी तिने स्वतःच छडा लावायचं ठरवलं. त्या आठवड्यात तिने सकाळी पुन्हा टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. गाडी अंगणात रोजच्या जागी उभी केली, मागच्या चाकाजवळ खाली पितळी परात ठेवली आणि पायरीवर बसली. गोमा कामावर गेला होता. ठकी माहेरी. अंगणात चिटपाखरू नव्हतं. तिने त्या दिवशी दुपारचं जेवणही पायरीवरच केलं, गाडीवरची नजर न हलवता.

ऊन चढलं, पत्रा तापला. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि जयाला आतून बरं वाटायला लागलं. मग परातीत टप् असा आवाज झाला. ती उठून जवळ गेली, गुडघ्यावर वाकली. गाडीच्या पोटाखाली एक थेंब जमत होता. मोठा झाला, लोंबला, पडला. मग दुसरा. आसपास ना नळी, ना कॅन, ना माणूस. परातीतून तोच वास येत होता, जो तिने ठकीच्या हातांना शोधला होता.

जया तिथेच मातीत बसली. चोर नाही म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिची नजर शेजारच्या बंद दारावर जाऊन अडकली.

संध्याकाळी पारावर माणसं जमेपर्यंत ती मुद्दाम थांबली. जे बोलले ते चारचौघांत बोलले, तर हेही चारचौघांतच बोलायचं. गोमा टेंपोतून उतरला तशी ती पुढे झाली.

"भावजी, पेट्रोल माझ्याच हातानं सांडत होतं. मीच जास्त भरत होते. तुमच्यावर नको ते बोलले. चुकलं माझं."

गोमा मशीनची दोरी गुंडाळत राहिला.

"पेट्रोल मी घेतलं नाय, ते तुमाला आज समजलं," तो हळू आवाजात म्हणाला. "पन वैनी, मी घेईन असं तुमाला वाटलं कसं? दादा गेला तेव्हापासून मी या घराचं कवाड राखलंय. इतक्या वर्षांत असं काय बघितलं तुमी माझ्यात?"

जयाने मनात खूप शोधलं. पंपाच्या बाबतीत तिच्याकडे आकडा होता, टिकलीच्या बाबतीत तर्क होता. गोमाच्या बाबतीत एक पिवळा कॅन सोडला तर काहीच नव्हतं.

"काय नाय बघितलं," ती म्हणाली.

"तेच तर," गोमा म्हणाला आणि आत गेला.

आता जया पहिल्या टकला थांबते. विलास गमतीने विचारतो, "मावशी, हलवू का?" तर ती हाताने नको म्हणते. मशीनवर शून्य आलं की नाही हे मात्र ती खाली उतरून बघतेच. वास गेला, पेट्रोल पुरायला लागलं. रजियाचाची गाडीत डुलकी काढते.

ठकी पावसाळ्याआधीच्या बाजाराला जयाच्या गाडीतून गेली. सुक्या मासळीसाठी रिकामी टोपली मांडीवर घेऊन पुढेच बसली, आणि वाटेत कोंडाण्यापासून कर्जतपर्यंत बडबडत राहिली. गोमालाही जायचं होतंच. जयाने मागचं दार उघडून धरलं. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि म्हणाला, "तुमी व्हा पुढं, वैनी. मी टेंपो आनतो." आरशात त्याचा टेंपो कर्जतपर्यंत मागे मागे दिसत होता. जयाने गाडीचा वेग थोडा कमीच ठेवला.