जुन्या इंजिनाची पट्टी

मंडळी, सिल्वासाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून ही मेल लिहितोय. हात अजून काळेच आहेत.

आबांच्या डिझेल अ‍ॅम्बॅसिडरमध्ये दोन महिन्यांपूर्वी मी दुसरं, वापरलेलं इंजिन बसवून घेतलं. तेव्हापासून वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. रोज सकाळी मी पट्टी बुडवून ऑइल बघायचो, तर ते फुल! म्हणजे दिवाच खोटा, असं ठरवून मी त्याची वायरच काढून टाकली.

आज किलवणीच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं.

मेकॅनिक रमणभाईंनी पट्टी बाहेर काढून विचारलं, "साहेब, ये कौन से इंजिन की है?"

जुन्या इंजिनाची. नव्याबरोबर पट्टी आलीच नव्हती, म्हणून मीच ती घातली होती. ती बोटभर लांब निघाली. ऑइल तळाला गेलं तरी फुलच दाखवायची.

"अब इसमें कुछ नहीं बचा," रमणभाई म्हणाले.

आबा शेजारच्या सीटवरच होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "अरे, दिवा लागतोय." मी म्हटलं होतं, "आबा, इंजिनिअर मी आहे."

आज ते रुमालाने डॅशबोर्डवरची धूळ पुसत बसले.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांच्याशी काय बोलू, सांगाल का कुणी?