महिपतीच्या हातची पावडर

निडीच्या महिपतीला वास आल्याशिवाय पाणी शुद्ध वाटतच नाही. तीस वर्षं ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर त्यानंच टाकली. गावात काविळीचा एक माणूस निघाला नाही, हे तो लग्नाच्या पंगतीतही ऐकवतो. आळीत त्याचं नावच टीसीएलशेठ.

निवृत्तीनंतर रोह्याच्या एका कॉलेजानं त्याला बेडूकमाशांच्या शेडवर ठेवलं. रीतसर परवानगी काढून भातशेतात सोडायचे बेडूक तिथं वाढवतात. एका टाकीत बुरशी दिसली, तेव्हा कॉलेजातल्या पूजा मॅडमनी बजावलं होतं: टाकी रिकामी करा, पावडरीनं घासा, तीनदा खळखळून धुवा, चांगली वाळू द्या, मगच दुसरी पिल्लं सोडा. महिपतीनं एकदाच पाणी मारलं. जरा वास राहिलेला बरा, हे त्याचं जुनं मत.

सकाळी चारशे पिल्लं त्यात सोडली. चहा संपेस्तोवर ती वर येऊन तोंडं उघडायला लागली, काही तर कुशीवर कलंडली.  महिपतीनं मॅडमना फोन लावला.

"टाकीत पावडर राहिली होती का, काका?"

"नाय."

तोंडातून निघूनच गेलं. तीस वर्षांचं नाव होतं ना.

मग बुरशीच पसरली असणार, मॅडम म्हणाल्या. औषध घाला, शेजारच्या अकरा टाक्यांतही घाला, उशीर नको. महिपतीनं बाटलीचं झाकण फिरवलं. शेजारची पिल्लं मजेत फिरत होती. समोरचं एक पिल्लू शेपूट न हलवता तळाला गेलं.

"थांबा बाय," तो म्हणाला. "औषध नको. पावडर हाय. माझ्याच हातची."

 पलीकडून हुकूम आला: तळ्याचं पाणी आणा, पिल्लं त्यात काढा. नळाचं नको, त्यातही कुणीतरी पावडर टाकलेलीच असते.

ज्या शेवाळी तळ्याला जन्मभर गटार म्हटलं, तिकडे महिपती बादल्या घेऊन धावला. बायको काशीबाई डबा घेऊन आली होती, तीही पदर खोचून लागली. जीभ मात्र मोकळीच.

"आमाला तीस वरसं हेच पाजलंत. आमी बरं नाय मेलो?"

"यांचे कल्ले जळतात गो. उचल बादली."

संध्याकाळी मॅडम आल्या तेव्हा एकशेदहा पोहत होती. बाकीची पोटं वर करून तरंगत होती. मॅडमनी कुणाला न विचारता अहवालात 'पाण्यातला दोष' एवढंच लिहायला घेतलं. महिपती जवळ सरकला.

"माझं नाव लिवा. नीट न धुता सोडली म्हणून लिवा. नायतर माझ्यामागनं येईल तो पण असंच करील."

मॅडमनी आधीची ओळ खोडली.