साथीत गवसलेला बाप

करवीर नगरीतील एका अरुंद बोळात गैबी नदाफ नावाचा एक पिंजारी राहत असे. शाहू छत्रपतींच्या राज्यारोहणास तेव्हा अवघी पाच-सहा वर्षे लोटली होती. गैबी सचोटीचा, मितभाषी आणि उद्योगाविषयी भक्तिभाव बाळगणारा मनुष्य होता. तांबडे फुटण्यापूर्वी पुरुषभर उंचीची पिंजण खांद्यावर टाकून तो बाहेर पडे. दारोदारच्या गाद्या-रजया उसवून तो त्यांतला कापूस पिंजणीच्या ताणलेल्या तातेवर धरी, लाकडी ठोकळ्याने तात छेडी आणि दगडासारखा घट्ट झालेला कापूस मेघखंडासारखा हलका करून देई. घरी परते तेव्हा लेकरे निजलेली असत. थोरला बाबालाल आठ वर्षांचा आणि धाकटी मदिना पाच वर्षांची. मदिनेच्या लेखी बाप म्हणजे भुवयांवर कापूस साचलेला कोणी पाहुणा होता.

त्या वर्षी प्लेगाने गावात उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ माणसे पडू लागली. गाव मोकळे करण्याची दवंडी पिटली गेली आणि कसबा बावड्याच्या बाजूला, माळावर आणि शेतांच्या कडेने, कुडाच्या झोपड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. गैबीचे बिऱ्हाडही तेथे गेले. त्याचा धंदा तर मुळातूनच बसला. अंथरुणात रोग लपतो म्हणून जुन्या गाद्यांची होळी होत होती. पिंजाऱ्याच्या हाती कोण कापूस देणार? आयुष्यात प्रथमच गैबीचे हात रिकामे झाले.

पहिले काही दिवस तो झोपडीच्या तोंडाशी नुसता बसून असे. एके सकाळी मदिना त्याच्या पाठीवर चढली आणि म्हणाली, "घोडा व्हा की!" गैबीने आधी इकडेतिकडे पाहिले. मग तो गुडघ्यांवर आला. त्या दिवसापासून त्या झोपडीचे जणू प्राक्तनच पालटले. तो लेकरांना ओढ्यावर नेई, दगडाखालचे खेकडे दाखवी. कोवळ्या जोंधळ्याची कणसे भाजून, तळहातावर चोळून त्यांना हुरडा भरवी. नदाफांच्या घराण्यात एक दंडक होता: कापसावाचून पिंजण वाजवू नये, हत्याराचा तो अपमान होतो. गैबीने तोही मोडला. संध्याकाळी तो रिकामी तात छेडी, तिचा घुमारा माळभर पसरे आणि दोन्ही लेकरे हातवारे करत नाचत. त्याची बायको मेहमुदा भाकरी थापता थापता हसे. "पोरांचा बाप गावला म्हनायचा एकदाचा!" असे ती शेजारणींना सांगे.

बोळातली बाळाबाई पलीकडच्या रांगेत होती. तिचा नवरा जोतीराम गैबीच्या बरोबरीचा, तालमीतला गडी. तो साथीत गेला. तिरडी उचलायला माणसे मिळेनात, तेव्हा गैबीने खांदा दिला. नदीवर स्नान करून तो परतला तोच मदिना त्याच्या गळ्यात पडली आणि तिने त्याला गुदगुल्या केल्या. गैबी खळखळून हसला. ते हसू ओठांवर असतानाच पलीकडच्या रांगेतून बाळाबाईचा हंबरडा ऐकू आला. आपण चोरी करताना पकडले गेलो, असे गैबीला वाटले. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घोडा झालाच.

साथ ओसरली. माणसे घरोघर परतली. जळालेल्या अंथरुणांच्या जागी नवी हवी होती, त्यामुळे गैबीला पूर्वीपेक्षा दुप्पट काम आले आणि तो पूर्वीपेक्षाही उशिरा परतू लागला. पुढला हिवाळा लागला. एके दिवशी तो ओसरीवरच काम घेऊन बसला असता बाळाबाई कापसाचे गाठोडे घेऊन आली.

"गैबीभाऊ, थंडी पोरांच्या हाडात शिराय लागलीया. एवढ्या रजईचं बगा."

"ठेवा की बाळाक्का. उद्या देतो."

"पिंजाऱ्याचा उद्या मला ठावं हाय! उन्हाळ्यात रजई घिऊन काय करू?"

गैबी हसला. बाळाबाईही किंचित हसली. पुष्कळ दिवसांनी तिच्या मुखावर हसू उमटले होते. नेमक्या त्याच वेळी मदिना बापाच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

"अब्बा, पिलेग परत कवा येनार?"

"गप!"

"यीऊ दे की! मग तुमी पुन्यांदा घोडा हुशीला. झोपडीत जाऊया की आपुन."

गैबीचा हात उठला आणि लेकराच्या गालावर बसला. जन्मात प्रथमच त्याने तिला मारले होते. मदिना रडली नाही. दारात आलेल्या आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

बाळाबाईने पोरीच्या गालाकडे पाहिले. मग पदर सावरत उठली. "मारलंसा कशाला तिला? खोटं काय बोलली ती? तुमच्या पोरीला पिलेगानं बाप दिला, माझ्या पोरांचा नेला. तिनं आपलं सांगितलं."

गैबीने इतर सगळ्या कामांआधी ते गाठोडे हाती घेतले. दिवस मावळण्यापूर्वी कापूस पिंजून तो बाळाबाईच्या दारी गेला. तिची दोन लेकरे उंबऱ्यावर बसली होती. त्यांच्या दृष्टीस दृष्टी भिडवणे त्याला जमेना.

"लेकरू हाय, बाळाक्का. समजून घ्या," तो म्हणाला.

"लेकराचं मी कवाच समजले. तुमचं तुमी समजा."

ती रात्र गैबीने कुशी पालटत काढली. बाळाबाईपुढे आपली अब्रू गेली, ही लज्जा होतीच. परंतु त्या लज्जेच्या तळाशी आणखी एक लज्जा होती. आपल्या पोटच्या पोरीने बापासाठी महामारी मागितली होती. दुसऱ्या कशानेही बाप मिळू शकतो हे तिने पाहिलेच नव्हते, आणि तो दोष त्याचा होता. त्या दोषाची शिक्षा त्याने तिच्या गालावर दिली होती.

सकाळी त्याने पिंजण खांद्यावर घेतली नाही. चुलीपाशी येऊन तो मांडी घालून बसला. मेहमुदाने त्याच्याकडे पाहिले आणि भाकरी पुढे सारली. मदिना जागी झाली. बाप घरात बसलेला पाहून ती जागच्या जागी थबकली. मग भिंतीच्या कडेने आईपाशी सरकली आणि दबक्या आवाजात विचारती झाली,

"अम्मा, अब्बा कामावर गेलं न्हाईत. कोन मेलं?"

मेहमुदाचा पिठाचा हात परातीत तसाच राहिला. गैबीची मान खाली गेली. 

"न्हाय गं," तो म्हणाला, "कोन बी मेलं न्हाय. आज मी हितंच हाय."

मदिनेने ते ऐकले. पण आईचा पदर सोडून ती काही पुढे आली नाही.