खुडूक कोंबडीला स्थळ

"ही कोंबडी आहे का अतिक्रमण?"

सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये उभे राहून असे ओरडत होते की तिकडे आकुर्डी स्टेशनात लोकल दचकून थांबली असेल. कारण त्यांच्या हेल्मेटमध्ये आमची कोंबडी बसली होती. नुसती बसली नव्हती, खुडूक बसली होती. पोरांनी टाकून दिलेले टेबल टेनिसचे चेंडू पोटाखाली, पंख फुगवलेले, जो हात घालेल त्याला चोच.

मी म्हणालो, "साहेब, थोडे दिवस कळ काढा, एखादा चेंडू नक्की फुटेल."

ते हसले नाहीत. रविवारपर्यंत कोंबडी गेली पाहिजे, नाही तर नोटीस, म्हणाले.

आमची जमीन कंपनीत गेली. तिथं आता कंटेनर झोपा काढतात. तळवड्याच्या या चौथ्या मजल्यावर येताना आईनं जनावरं विकली, पाटा शेजारणीला देऊन टाकला, आणली ती फक्त ही. तिच्या कोंबड्यांच्या घराण्यातली शेवटची. खुडूक झाली की भूकंप झाला तरी अंड्यांवरून उठायची नाही. हिनं बदकांची अंडी उबवली, लांडोरीची उबवली. हिच्याखाली बटाटे ठेवले तरी त्यांना पाय फुटतील, असं सगळं गाव म्हणायचं. म्हणजे मी म्हणायचो, गाव ऐकायचं.

आई एवढंच बोलली, "कुटंबी दे. पन बसू देतील तितंच दे. हिला दुसरं काय येत न्हाई."

मग उपवर मुलीला स्थळ बघावं तसा मी हिंडलो. ढाबेवाल्यानं तिला हातावर तोलली आणि विचारलं, "तंदूर का रस्सा?" देहूच्या मित्रानं लांबूनच हात जोडले, "राव, आमच्याकडं अंड्याचं नाव काढलं तरी वडील आंघोळ करतात." आयटी पार्कातल्या एका बाईंना कोंबडी आवडली, पण दोन मिनिटांनी त्या काळजीनं म्हणाल्या, "आजारी आहे का ही? बसूनच असते."

शेवटी उरला चाकणकडचा चुलतभाऊ. त्याचीही जमीन गेली, पण अंगण राहिलं होतं, आणि त्यात त्यानं कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. तो स्वतः गाडी घेऊन आला. "काकी, घोर करू नगा. राणीवानी ठेवतो. पिल्लं निघाली की पयली जोडी तुमाला."

आईनं पाटीत भुसा पसरला, गावाकडून मागवलेली अंडी विषम मोजून ठेवली, वीज कडाडली तर नासू नयेत म्हणून त्यात खिळा आणि कोळसा ठेवला, वर कोंबडी बसवली. सासरी निघालेल्या पोरीसारखी ती पाटी जुन्या लुगड्यानं झाकली. गाडी वळणाआड गेल्यावरही आई बराच वेळ गॅलरीतच होती.

पिल्लं निघायच्या सुमारास मी शिफ्ट सुटल्यावर तिकडं गेलो. कोंबडी जाळीत होती, उभी. दोन्ही नाकपुड्यांतून आरपार तिचंच एक पीस. आमच्याकडं खुडूक मोडायचा हाच उपाय. कोंबडी दिवसभर ते पीस काढायला मान झटकत फिरते, बसायचं विसरते आणि पुन्हा अंडी घालायला लागते.

"आईनं दिलेली अंडी कुठायत?"

"ती व्हय? खाल्ली की पोरांनी."

"अरे, बसनारी कोंबडी होती ती!"

"बसून काय करती, भावा? खोल्यांवरची पोरं गावरान अंडं मागत्यात. पिल्लं काय, हॅचरीत पायजेल तेवढी." त्यानं अभिमानानं तिच्याकडं बोट केलं. "घालाया लागली बघ आता."

भाऊ काही वाईट माणूस नाही, याचाच मला जास्त राग आला. परत मागून नेली असती, पण ठेवू कुठं? सेक्रेटरींच्या डोक्यावर? या एवढ्या पट्ट्यात जगभरच्या कंपन्यांना जागा मिळाली, एका कोंबडीला बूड टेकायला मिळाली नाही. वहिनीनं पुढं केलेला चहा मी उभ्यानंच प्यालो आणि निघालो.

घरी आई मेथी निवडत बसली होती. "निगाली का पिल्लं?"

"सगळीच्या सगळी!" मी सुरू केलं. "मागनं रांग लावून चालत्यात. चाकण चौकात पोलिसानं कंटेनर अडवून आधी त्यांना जाऊ दिलं. एक कोंबडा तर आत्ताच आरवतोय, त्याच्या आरवण्यावर कंपनीची पहिली शिफ्ट लागते!"

आईनं निवडलेल्या मेथीवरून हात फिरवला.

"वहिनीचा सकाळीच फोन येऊन गेला," ती म्हणाली.