गुडघ्यावर ओलं गोणपाट

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा मामाआजोबा, फरशी बसवायचा. जन्म सगळा गुडघ्यांवर गेला त्याचा. खोलीच्या पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायचा आणि मागं सरकत सरकत दारातून बाहेर पडायचा. म्हणायचा, "ताई, लोक हरले की गुडघे टेकतात, मी पोटासाठी रोज टेकतो." बोलण्यात कुणाला हार जायचा नाही, पण कामावर तोंड बंद. रबरी हातोडीनं फरशी ठोकायची आणि कान देऊन ऐकायचं, खाली पोकळ तर राहिलं नाही ना.

मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आधी नुसता आवाज, मग सूज, मग खाली बसायचीच पंचाईत. फोटो काढला तर हाडांमधली गादी झिजलेली, हाडाला हाड घासतंय. एक डॉक्टर म्हणाले, सांधा बदलू, पण गुडघे टेकून काम करायचं विसरा. हा म्हणाला, "मग बदलून काय, शोकेसमध्ये ठेवू?" आणि घरी आला.

घरी नुसता बसून राहायचा. भावजय मला सांगायची, "ताई, जेवताना ताटाकडं लक्ष नसतं, फरशीचे सांधे बघत बसतात." कामाला बोलवायला कुणी आलं की आत जाऊन झोपल्याचं सोंग करायचा.

मग कुणीतरी सांगितलं, आपल्याच अंगातल्या पेशी काढून गुडघ्यात सोडतात. मी गेले होते ना बरोबर. कमरेच्या हाडातून सुईनं रस काढला, यंत्रात फिरवला आणि गुडघ्यात टोचला. डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. आधीच म्हणाल्या, "काका, दुखणं कमी होईल अशी आशा आहे. नवी गादी तयार होईल असा शब्द मी देत नाही." ह्यानं त्यातली आशा तेवढी उचलली, बाकीचं तिथंच ठेवून आला. विचारतो काय, "पाय कधी द्यायचा?" बाई म्हणाल्या, "काही आठवडे कुबड्या घ्या, वजन टाकू नका. पट्टी कोरडी ठेवा." पहिलं ऐकूनच ह्याचा चेहरा खुलला. "कळलं. फरशीखालचा माल अजून ओला आहे."

थोड्या दिवसांनी भावजयीचा फोन. "तुम्हीच या बाई. माझं काही ऐकत नाहीत."

गेले, तर हा खुर्चीत. पाय स्टुलावर, गुडघ्यावर ओलं गोणपाट, हातात मग, खाली पाण्याचं तळं.

"हे काय रे?"

"पाणी मारतोय. नवं काम वाळलं की तडकतं."

"अरे, तो गुडघा आहे का स्लॅब?"

"आत काहीतरी धरायला हवंय ना, ताई. ओल असल्याशिवाय कसं धरेल?"

भावजय म्हणाली, "मी पोतं काढते, हे परत घालतात. रात्रंदिवस हेच."

मला हसू फुटणार होतं, पण त्याच्या तोंडाकडं बघून गिळलं. इतका जीव लावून तो ते पाणी घालत होता. गोणपाट उचललं तर पट्टी भिजून लगदा, सुईची जागा लालभडक, पू धरलेला. तसंच उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई ऐकून आधी हसल्या, मग पट्टी सोडून जखम नीट बघितली. औषधं लिहून दिली. म्हणाल्या, "पाणी आत जात नाही, काका. कातडीचं बरं होईल. आत काय झालंय, ते मात्र मला आज सांगता येणार नाही."

ते एक वाक्य घेऊन तो बसलाय बघ, अजून.

तसा फरक पडला हो. ठणका गेला, कुबड्या गेल्या, जिने चढतो, बाजारात जाऊन भाजी आणतो. पण खाली टेकवायला गेला की गुडघा वीतभर वर अडतो. सकाळी पलंगाला धरून प्रयत्न करतो रोज. भावजय म्हणते, "चालता येतंय ना, बास की." तर म्हणतो, "चालायचं कुणाला होतं?"

मला एकदा विचारलं त्यानं, "मी पाणी मारलं नसतं तर?"

"तरी हेच झालं असतं. त्यांनी कुठं शब्द दिला होता?"

"दिला नव्हता," म्हणाला. "पण नाहीसुद्धा म्हणाल्या नव्हत्या."

परवा आपल्या मागच्या खोलीत नवी फरशी बसवली ना, तेव्हा बघायला आला होता. दुसऱ्यांनी केलेलं काम. मला वाटलं, आता नावं ठेवणार. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यावर बसला, उजवा पाय लांब केला आणि हात खाली टेकवला. नुसता तळवा फिरवत होता, एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर, लहान पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"चांगली बसवलीय."

"मग उठ आता, गार लागेल."

"लागू दे," म्हणाला. हात काही उचलला नाही त्यानं.